पाच एटीएमचं घड्याळ घालून मालवणच्या पाण्यात उतरू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौघं जण पुण्याहून डिसेंबरात मालवणला येतायत, एकाच्या हातात दीड वर्ष वापरलेलं फिटनेस वॉच आहे, पाठीवर ५ एटीएम लिहिलंय, आणि दोन दिवसांत स्कुबा, जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग आणि जमलं तर कयाक असं सगळं उरकायचंय. दुकानदार म्हणाला होता पन्नास मीटरपर्यंत काही होत नाही, मित्र म्हणतो रूमवर ठेव. खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धं अर्धं. आधी सरळ उत्तर देतो, घाईत असाल तर तेवढं वाचून निघा. कयाक आणि पोहणं, बिनधास्त घाला. पॅरासेलिंगला चालेल. जेट स्कीला घालायचं असेल तर कुठल्या हातात घालताय ते महत्त्वाचं, खाली सांगतो. बनाना राइडला काढा. स्कुबाला काढा. आणि हे सगळं तुमचं घड्याळ आजवर कुठे उघडलेलं नाही, काचेला चीर नाही, हे धरून चाललोय.

आता का ते. मी चौदा-पंधरा सीझन तारकर्ली-मालवण पट्ट्यात लोकांना पाण्यात उतरवतोय, आणि त्याआधी लहानपणी प्रत्येक मे महिन्याची सुट्टी कुडाळला मामाच्या घड्याळाच्या दुकानात स्टुलावर बसून काढली आहे, त्यामुळे घड्याळ बाहेरून आणि आतून दोन्हीकडून थोडंफार कळतं असं म्हणायला हरकत नाही. लोकांना वाटतं पाण्यातल्या घड्याळाचा शत्रू म्हणजे खोली. माझ्या समोर जेवढी घड्याळं गेली त्यातलं खोलीमुळे गेलेलं एकही पटकन आठवत नाही. गेली ती पट्टा सुटून, नाहीतर आतलं रबर म्हातारं झालेलं असताना मिठाच्या पाण्यात गेली म्हणून.

पण आधी तो आकडा समजून घ्या. एटीएम म्हणजे वातावरणाचा दाब. पाण्यात साधारण दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो, म्हणून ५ एटीएमला ५० मीटर म्हणायचं. पण हा आकडा तुम्ही पन्नास मीटर खाली जाऊ शकता असं सांगत नाही, तो सांगतो की नवंकोरं घड्याळ, स्थिर पाण्यात, तपासणीच्या यंत्रात थोडा वेळ एवढा दाब सोसतं. साध्या वॉटर रेझिस्टंट घड्याळांचा जो आयएसओ २२८१० नावाचा नियम आहे त्यात प्रत्येक पीस तपासलाच पाहिजे असं नाही, नमुने काढून तपासले तरी चालतं. डायव्हिंग करणाऱ्यांच्या घड्याळांचा नियम वेगळा, आयएसओ ६४२५, तिथे प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं आणि तेही लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाला, म्हणजे २०० मीटरचं असेल तर २५० मीटरएवढ्या दाबाला. अशा घड्याळावर नुसतं वॉटर रेझिस्टंट नाही तर डायव्हर्स हा शब्द लिहिलेला असतो. दोन घड्याळांवर २०० मीटर हाच आकडा असला तरी तो एक शब्द आहे की नाही याने जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आणि आयपी ६८ वेगळंच. पुष्कळ स्वस्त स्मार्टवॉचच्या डब्यावर मोठ्या अक्षरात आयपी ६८ छापून वर वॉटरप्रूफ म्हणून ठोकून देतात. त्यातला ६ धुळीचा आणि ८ पाण्याचा. ८ चा अर्थ एवढाच की एक मीटरपेक्षा कडक परिस्थितीत बुडवून बघितलंय, किती खोल आणि किती वेळ ते कंपनी ठरवते, बहुतेक वेळा दीड मीटर आणि अर्धा तास, तेही गोड्या पाण्यात. घड्याळावर फक्त आयपी ६८ असेल आणि एटीएमचा आकडाच नसेल तर ते घामासाठी, पावसासाठी, हात धुण्यासाठी आहे असं समजा. समुद्रात नको.

आता एक गैरसमज, जो आमच्या लाइनमधले लोकसुद्धा ठोकून सांगतात. म्हणतात पोहताना हात मारला की दाब कित्येक पट वाढतो म्हणून ५० मीटरचं घड्याळ पोहायलाच कसंबसं पुरतं. मी एकदा सीझन संपल्यावर पावसात बसून गणित केलं, शाळेतलंच, अर्धा गुणिले पाण्याची घनता गुणिले वेगाचा वर्ग. हात सेकंदाला ३ मीटर वेगाने गेला तर जास्तीचा दाब होतो जेमतेम अर्ध्या मीटर पाण्याएवढा. जेट स्कीवरून ताशी ६० किलोमीटर वेगात पडलात तर साधारण १४ मीटर पाण्याएवढा. म्हणजे कागदावर तरी ५ एटीएमला हे सगळं पचायला हवं. हां, पाण्यावर सपाट आपटण्याच्या त्या क्षणाला दणका यापेक्षा पुष्कळ मोठा बसतो, पण तो क्षणभराचाच, आणि तो धोका मी मानतो, म्हणून तर वेगाच्या खेळांना कंपन्या नाही म्हणतात. पण नुसतं पोहताना दाबामुळे घड्याळ जातं ही गोष्ट डोक्यातून काढून टाका.

मग घड्याळं मरतात कशाने? मामा सांगायचा, अरे बाबा, घड्याळात सगळ्यात स्वस्त पार्ट कुठला माहितीय का, ही रबराची रिंग, आणि घड्याळ जगतं ते हिच्यावर. मागच्या झाकणाखाली एक, बटणांच्या दांड्यांवर एकेक बारीक, काचेच्या कडेला कधी रिंग कधी चिकट गोंद. मामा सेल बदलताना दर वेळी ती रिंग चिमट्याने उचलून उजेडात धरायचा, बोटांनी थोडी ताणायचा, चपटी झालेली असली किंवा बारीक भेग दिसली की सरळ फेकून नवी, आणि नव्या रिंगेला सिलिकॉन ग्रीसचा हात. गिऱ्हाईक म्हणायचं कशाला उगाच, अजून दहा वीस रुपये लागले. मामा ऐकायचा नाही.

मी मात्र मामाचा भाचा असून तिथेच फसलो. काही वर्षांपूर्वी माझ्या फिटनेस वॉचची काच एका दगडावर आपटून तडकली, मी एका मोबाइलवाल्या दुकानात बदलून घेतली, त्याने तासाभरात काच लावून दिली, चकचकीत, मी खूश. पुढच्या महिन्यात पाहुण्यांना घेऊन स्नॉर्केलिंगला, म्हणजे तोंडात नळी धरून वरवर तरंगत खालचं बघायला, उतरलो, पाणी दोन मीटरसुद्धा नव्हतं, माझे पाय टेकत नव्हते एवढंच. वर आलो, होडीच्या काठावर हात ठेवला आणि बघतो तर काचेच्या आत, आकड्यांच्या खाली, मोहरीएवढा एक थेंब. हात वाकडा केला की थेंब इकडे, सरळ केला की तिकडे, गवंड्याकडे ती लेव्हलची नळी असते ना त्यातल्या बुडबुड्यासारखा. रात्री स्क्रीनवर हिरव्या रेघा आल्या आणि सकाळी मढं. पाठीवरचं ५ एटीएम मात्र शाबूत, ते काय पुसलं जात नाही. म्हणून म्हणतो, घड्याळ एकदा उघडलं, काच बदलली, बॅटरी बदलली, की तो छापलेला आकडा तुमचा राहिला नाही असं धरा, जोवर दाबाच्या यंत्रावर परत तपासून मिळत नाही. चांगल्या सर्व्हिस सेंटरला असं यंत्र असतं, तिथे विचारा.

रबर म्हातारं कशाने होतं? वयाने तर होतंच. त्याशिवाय साबण, शाम्पू, सनस्क्रीन, डास पळवायचं मलम, परफ्यूम, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उष्णता. लोक घड्याळ घालून गरम पाण्याने अंघोळ करतात, गिझरचं पाणी, वाफ, वर साबण, आणि मग म्हणतात समुद्राने खाल्लं. समुद्राने नाही हो, तुमच्या बाथरूमने वर्षभर आधीच पोखरून ठेवलेलं असतं. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर नाहीतर होडीच्या फळीवर उन्हात तासभर तापलेलं घड्याळ हातात घालून सरळ पाण्यात उडी, हे तर करूच नका. आतली तापलेली हवा गार पाण्यात एकदम आकसते आणि जिथे म्हणून फट असेल तिथून पाणी आत ओढते. आधी सावलीत जरा थंड होऊ द्या, मग घाला.

निघायच्या आधी घरी एक साधी तपासणी करता येते. घड्याळ थोडा वेळ हातात घालून अंगाच्या उबेला आणा, मग काचेवर फ्रिजमधल्या पाण्याचे दोन-चार थेंब सोडा आणि मिनिटभराने पुसून बघा. आतल्या बाजूने धुकं धरलेलं दिसलं तर आत ओल आधीच पोचलेली आहे, हे घड्याळ घरीच. धुकं नाही आलं म्हणजे शंभर टक्के सुरक्षित असं नाही, पण निदान आधीचा रोग नाही एवढं कळतं. बादलीत बुडवून टेस्ट करू नका, त्यात नापास झालं तर टेस्टमध्येच गेलं की.

आता एकेक खेळ घेऊ.

स्कुबा. मालवणला जो तुम्ही करणार तो बहुतेक ट्राय डाइव्ह, पोहता न येणाऱ्यालाही गाइड धरून नेतो तो, वीस-पंचवीस फूट पाणी, फार तर तीस. हिशोबाने हा दाब एका वातावरणाएवढाच वाढतो, ५ एटीएमला काही जड नाही, आणि खरं सांगायचं तर कितीतरी पाहुणे माझ्या डोळ्यासमोर असं घड्याळ घालून गेलेत आणि चालू घड्याळ घेऊन वर आलेत. तरी मी काढायलाच लावतो. एक तर जवळपास सगळ्या कंपन्या ५ एटीएमला स्कुबा नको असं स्वच्छ लिहितात, पाणी शिरलं तर कोणी दाद देणार नाही. दुसरं, खाली खडक आहेत आणि खडकांवर कालवं, म्हणजे चिकटलेले शिंपले असतात, ते ब्लेडसारखे, पहिल्यांदा खाली गेलेला माणूस घाबरून हात कुठेही टाकतो, काचेला रेघ पडायला एक घासणं पुरतं आणि मनगट कापलं तर ते वेगळंच. तिसरं म्हणजे लक्ष. नवखा माणूस खाली गेल्यावर मासे बघायचे सोडून घड्याळ बघतो, किती खोल आलो, हार्ट रेट किती झाला, तो दिसला एकशे चाळीस की अजून घाबरतो, अजून वाढतो. गाइडकडे बघा, इशारे बघा, कान मोकळे करत राहा. वेळ आणि खोली बघणं हे गाइडचं काम.

डायव्हिंगसाठीच बनवलेली मनगटी यंत्रं असतात, त्यांना डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात, गार्मिनची डिसेंट, सुंटोची आहेत, अॅपल वॉच अल्ट्राला १०० मीटर रेटिंग आणि ४० मीटरपर्यंत हौशी डायव्हिंग चालतं, तो ईएन १३३१९ नावाचा डायव्हिंग उपकरणांचा नियम पाळतो. साधं अॅपल वॉच, सिरीज २ पासून पुढची, ५० मीटरची, पण कंपनी स्वतःच सांगते की स्कुबा आणि वॉटर स्कीइंगला वापरू नका. तुम्ही सर्टिफिकेटवाला कोर्स करणार असाल, तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची संस्था आहे तिथे किंवा आणखी कुठे, तर डाइव्ह कॉम्प्युटरचा विचार करा. एका ट्राय डाइव्हसाठी नको.

बनाना राइड. हिच्यात घड्याळ बिघडेल म्हणून नाही, दुसऱ्याचं तोंड फुटेल म्हणून काढा. बोटवाला शेवटी मुद्दाम उलटवणारच, त्याशिवाय मजा नाही, आणि सहा माणसं एकमेकांवर पडतात तेव्हा कोणाचा हात कोणाच्या तोंडात हे देवालाच ठाऊक. एका मुलीच्या भुवईवर तिच्याच भावाच्या घड्याळाची कड बसली, जखम लहान होती पण खाऱ्या पाण्यात रक्त पसरतं ते बघून आई किनाऱ्यावर ओरडायला लागली, पुढची ट्रिप तिथेच संपली. अंगठ्या, कडी, ब्रेसलेट, सगळं काढा.

जेट स्की. इथे मालवणला मागे-पुढे ऑपरेटर बसलेला असतो, इंजिन बंद करायची दोरी त्याच्याकडे असते. पण गोव्यात म्हणा, बाहेर कुठे म्हणा, स्वतः चालवायला मिळाली तर ती किल कॉर्ड तुमच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवतात, तुम्ही पडलात की दोरी सुटून इंजिन बंद व्हावं म्हणून. ज्या मनगटाला ती दोरी त्या मनगटात घड्याळ नको, पट्टा आणि दोरी एकमेकांत अडकतात, आणि जीव वाचवणारी वस्तू नीट बसलेली असणं घड्याळापेक्षा महत्त्वाचं. दुसऱ्या हातात घाला, एक भोक घट्ट करा. आणि फॉल डिटेक्शन असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. लाटेवर जेट स्की आपटत जाते ना, घड्याळाला वाटतं माणूस कोसळला, मग ते विचारतं ठीक आहात का, तुम्ही ओरडण्यात दंग, उत्तर नाही दिलं की ते स्वतःहून फोन लावायला जातं. एका गृहस्थांच्या बायकोला घरी मेसेज गेला की तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय. ते किनाऱ्यावर आले तेव्हा फोनवर सतरा मिस्ड कॉल.

पॅरासेलिंगला विशेष काही नाही. हार्नेसच्या पट्ट्यात अडकत नाही ना बघा, शेवटी पायापर्यंत पाण्यात बुडवतात तेवढंच. वर गेल्यावर हार्ट रेटचा स्क्रीनशॉट काढायची हौस असते लोकांना, काढा बापडे.

कयाक ही घड्याळाची खरी जागा. देवबागच्या बाजूला कर्ली नदीच्या खाडीत सकाळी सकाळी, वारा उठायच्या आधी, पाणी तेलासारखं असतं, तेव्हा तास-दीड तास वल्हवा, नकाशावर तुमची रेघ उमटते, किती अंतर, कुठे थांबलात, परत यायला किती वेळ लागेल, सगळं उपयोगाचं. खाडीत भरती-ओहोटीचा ओढ असतो, जाताना सोपं गेलं म्हणजे येताना सोपं जाईल असं नसतं, तर घड्याळात ओहोटी लागायच्या वेळेचा अलार्म लावून ठेवा. एक त्रास मात्र होतो, वल्हं मारताना मनगट मागे वाकलं की पंजाची मागची बाजू बाजूच्या बटणावर दाबली जाते आणि अॅक्टिव्हिटी आपोआप पॉज. अर्धी खाडी पार केल्यावर कळतं की रेकॉर्डिंग पहिल्या पाच मिनिटांतच थांबलंय. बटण लॉक करा, नाहीतर घड्याळ उलटं फिरवून बटणं कोपराच्या बाजूला आणा, बऱ्याच घड्याळांत सेटिंगमध्ये हा पर्याय असतो.

टच स्क्रीनचंही तसंच, पाण्याचा थेंब त्याला बोटासारखाच वाटतो, म्हणून पाण्यात उतरायच्या आधी वॉटर लॉक चालू करा. बाहेर आल्यावर लॉक काढताना काही घड्याळं स्पीकरमधून घुंई घुंई आवाज करून भोकातलं पाणी उडवतात, ते पूर्ण होऊ द्या. बटणांबद्दल विचाराल तर ज्या घड्याळात पोहण्याचा मोड आहे आणि लॅपसाठी बटण दाबायलाच लागतं, तिथे पाण्यात दाबलं तर चालतं, ते त्यासाठीच बनवलंय. साध्या काट्याच्या घड्याळाची चावी मात्र पाण्यात ओढायची नाही, कधीच.

आकड्यांवर किती विसंबायचं? जीपीएसचे सिग्नल पाण्याखाली पोचत नाहीत, समुद्रात पोहताना घड्याळ हात वर आला की तेवढ्यात जागा पकडतं आणि मधली रेघ अंदाजाने जोडतं, म्हणून त्यासाठी ओपन वॉटरचा मोड वेगळा निवडावा लागतो, पूलचा मोड लावून समुद्रात उतरलात तर काहीच्या काही अंतर दाखवेल. चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते, तिथे एकाच मार्गावर पोहलेल्या दोन मित्रांच्या घड्याळांत अंतर वेगळं निघतं आणि संध्याकाळपर्यंत वाद चालतो. हार्ट रेट तर पाण्यात आणखी बेभरवशाचा. मागचा हिरवा दिवा कातडीतून रक्ताची हालचाल बघतो, मधे पाण्याचा थर आला, घड्याळ हललं, गार पाण्याने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसल्या, की गोंधळ. आपल्या समुद्राचं पाणी तसं उबदार, पण कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग करताना सकाळी धरणातून सोडलेलं पाणी अंगावर येतं तेव्हा घड्याळ खुशाल साठ दाखवतं आणि छाती मात्र धडधडत असते. छातीचा पट्टा अचूक असतो, पण पाण्यात त्याचा ब्लूटूथ सिग्नल घड्याळापर्यंत पोचत नाही, स्वतःत डेटा साठवून नंतर देणारा पट्टा असेल तरच कामाचा.

आता पट्टा, कारण सगळ्यात जास्त घड्याळं याच्यामुळे जातात. पट्टा घड्याळाला जोडणारी जी बारीक स्प्रिंगची पिन असते ती मिठाने गंजते, किंवा बाहेरून स्वस्तातला पट्टा लावला असेल तर ती नीट बसलेलीच नसते. चुंबकाचे पट्टे, ताणायचे पट्टे, कातडी पट्टे, पाण्यात कुठलेही नकोत. सिलिकॉनचा, भोकं आणि बकल असलेला, किंवा पिनांच्या खालून एकसंध जाणारा नायलॉनचा, म्हणजे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहतं. निघायच्या आधी घड्याळ पलंगावर धरून पट्टा दोन्ही बाजूंनी चांगला हिसडून बघा. सुटायचं असेल तर गादीवर सुटू दे.

दोन सीझनमागे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला एका मुंबईच्या बाईंचं घड्याळ असंच स्नॉर्केलिंगमध्ये सुटलं. मुलाने पहिल्या पगारातून दिलेलं. होडीवरचा आमचा पोरगा आधीच म्हणाला होता, "घड्याळ काडून ठेवा हां, मागसून रडू नकात," पण त्यांना ते काढवत नव्हतं, समजू शकतो. आम्ही दोघं खाली गेलो, पाणी त्या दिवशी गढूळ, हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता, मग डोळ्यांनी शोधायचं सोडून वाळूवर तळहात पसरून चाचपत गेलो, खडकाच्या कडेने, जिथे लाटेचा हिसका वस्तू ढकलत नेतो तिकडे. चाळीस मिनिटांनी तो पोरगा वर आला, तोंडातलं रेग्युलेटर, श्वास घ्यायचं यंत्र, काढलं आणि ओरडला, "गावला!" घड्याळ चालू होतं, आणि गंमत म्हणजे तेवढा सगळा वेळ ते कसरत समजून कॅलरी मोजत बसलं होतं. पण दर वेळी गावत नाही. दहातलं एखादं गावतं, बाकीची वाळू खाते.

पाण्यातून आल्यावरचं काम लोक टाळतात, आणि खरं आयुष्य तिथे ठरतं. खारं पाणी सुकलं की मिठाचे खडे बनतात, बटणाच्या फटीत, माइकच्या आणि हवेचा दाब मोजायच्या बारीक भोकात, चार्जिंगच्या पिनांवर. पुढच्या वेळी बटण दाबलं की तो खडा रबरावर कानसासारखा घासतो. म्हणून त्याच दिवशी, जेवायच्या आधी, मगमध्ये साधं गोडं पाणी घेऊन पाच-दहा मिनिटं घड्याळ त्यात ठेवा, पाणी बदलून परत एकदा. गरम पाणी नको, साबण नको, नळाची जोराची धार सरळ भोकांवर नको, आणि होडी धुवायच्या प्रेशर पाइपसमोर तर हात धरूच नका, मी बघितलेत असे वीर. खोलीच्या नळाचं पाणी मचूळ लागलं, समुद्राला लागून असलेल्या घरांत लागतं कधी कधी, तर पिण्याच्या पाण्यातलं अर्धा तांब्या वापरा. मग मऊ फडक्याने टिपून, पट्टा काढून, सावलीत पंख्याखाली. मनगटही धुऊन कोरडं करा, पट्ट्याखाली वाळू आणि मीठ अडकून पुरळ उठतं आणि लोक समजतात पट्ट्याची अॅलर्जी आहे. पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावायचं नाही, ओल्या पिनांतून करंट गेला की त्या हिरव्या पडून खाल्ल्या जातात आणि मग बाकी घड्याळ धडधाकट असून चार्जच होत नाही.

पाणी आत गेलंच तर? बंद करा, चार्जर लावू नका, बटणं दाबून बघत बसू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा उपाय सोडून द्या, तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट पिठी भोकात जाते. हेअर ड्रायर तर नाहीच, आतली बॅटरी तापवायची नसते. काचेच्या आत थेंब दिसत असेल आणि पाणी समुद्राचं असेल तर घड्याळ वाचायची आशा थोडी, मीठ काही तासांतच आतल्या तांब्याला लागतं, त्याच दिवशी उघडून साफ करणारा मिळाला तर बघा. घड्याळ गरम लागलं किंवा मागचं झाकण उचलल्यासारखं वाटलं तर ते हातात नको, बॅगेत नको, उशाशी तर नकोच, बाहेर मोकळ्यावर ठेवा, बॅटरी फुगली असेल.

तुमचा कार्यक्रम मी असा लावेन. पहिल्या सकाळी स्कुबा, घड्याळ रूमवर. किनाऱ्यावर बुटात लपवून ठेवू नका, माणसं नेतात आणि मालवणचे कुत्रे बूटच उचलून नेतात. दुपारी बनाना आणि जेट स्की, जेट स्कीला हौस असेल तर घाला नाहीतर नको. दुसऱ्या दिवशी पहाटे कयाक, तेव्हा घड्याळ पूर्ण चार्ज करून, लॉक लावून, घट्ट बांधून. आणि डिसेंबरातलाच वीकेंड गाठा, तेव्हा पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, मे महिन्यात येऊन खाली काही दिसलं नाही म्हणून मला शिव्या देऊ नका. घड्याळाच्या पाठीवर एटीएमच्या शेजारी आणखी काही कोरलेलं असेल, किंवा काच कधी बदलली असेल, तर तेवढं कळवा, त्यावरून कयाकलाही घालावं की नाही ते सांगतो.